शत्रू हाकलला, पाव ठेवून घेतला

व्हिएतनामला निघालेल्या मराठी माणसाच्या मोबाइलवर, नातेवाइकांना बातमी कळायचा अवकाश, एक संदेश येऊन पडतो. अमेरिकेला धूळ चारणाऱ्या व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी विजयाचं सारं श्रेय शिवाजी महाराजांना दिलं आणि ‘इथे महाराजांचा एक मावळा झोपला आहे’ अशा अर्थाचं काहीतरी स्वतःच्या समाधीवर कोरून घेतलं, असा त्याचा सारांश. राष्ट्राध्यक्षांचं नाव संदेशात नसतं, समाधीचं गाव नसतं, आणि पाठवणाऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्यालाही तो कोणीतरी पाठवलेलाच असतो. हनोईत हो चि मिन्ह यांची भलीमोठी समाधी आहे खरी, पण तिच्या दर्शनी भागावर त्यांचं पद आणि नाव एवढंच कोरलेलं आहे. शिवाय गनिमी काव्याची शिकवणी लावायची या लोकांना गरजही नव्हती. तेराव्या शतकात मंगोलांच्या फौजा तीनदा चालून आल्या आणि तीनदा परत गेल्या. तेव्हा महाराजांचा जन्म व्हायला तीनशेहून अधिक वर्षं बाकी होती. संदेशातली एकच गोष्ट सत्याच्या जवळपास जाते. हे लोक बाहेरच्यांकडून उचलतात, आणि भरपूर उचलतात. फक्त ते स्फूर्तीबिर्ती उचलत नाहीत. ज्याच्याशी लढाई झाली त्याची एखादी उपयोगी वस्तू ठेवून घेतात, आणि ती बहुधा स्वयंपाकघरात ठेवतात. हनोई बघायला जाणाऱ्याने एवढं ध्यानात धरलं, की सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत विस्कळीत वाटणारी देवळं, पूल, तुरुंग आणि वाडगे एका ओळीत येऊन बसतात.

सुरुवात फोपासून करावी, कारण हनोईची सकाळही तिथूनच होते. तांदळाच्या चपट्या शेवया, वर गोमांसाचे पातळ काप, कांद्याची पात, आणि हाडं रात्रभर उकळून दालचिनी, चक्रफूल, भाजलेलं आलं यांच्या संगतीने काढलेलं पाणी. सारा देश याला आपला प्राचीन वारसा मानतो. पण फो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक खानावळींच्या पाटीवरच्या ‘शतकी परंपरे’हून फार थोरला नाही. बैल हा इथे नांगराचा प्राणी. त्याला कापून खायची हौस फ्रेंचांना. मांस साहेबाच्या ताटात गेलं आणि हाडं खाटकाच्या दाराशी उरली. शेवया विकणारे चिनी फेरीवाले गावात होतेच. फ्रेंच पंडित म्हणतात, हे आमच्या रश्श्याचं पोर. चिनी म्हणतात, आमच्या शेवयांचं. हनोईकर या वादात पडत नाही, तो खातो. दक्षिणेत फोवर मोड आलेले मूग आणि गोडसर सॉस घालतात. हनोईत तसं मागितलं तर दुकानदार आणून देईल, पण त्याच्या नजरेत तुमचं जे स्थान होतं ते राहणार नाही. युद्धाच्या आणि टंचाईच्या काळात सरकारी दुकानांतल्या फोमधून मांस गायब झालं, तेव्हा लोकांनी त्याला ‘बिनवैमानिकाचा फो’ म्हणायला सुरुवात केली. डोक्यावरून टेहळणी करत फिरणाऱ्या अमेरिकेच्या चालकरहित विमानांवरून हे नाव पडलं. वाडग्यात मांस नाही आणि आकाशात बॉम्ब आहेत अशा वेळी ज्यांना शत्रूच्या विमानात स्वतःच्या जेवणासाठी विशेषण सापडतं, त्यांच्याशी लढताना काय करायचं हे कुठल्याही लष्करी महाविद्यालयात शिकवत नसावेत.

पावाचं तसंच. व्हिएतनाममध्ये गहू पिकत नाही म्हटलं तरी चालेल. फ्रेंचांनी पीठ बोटीने आणलं, भट्ट्या लावल्या आणि लांबुळका पाव सुरी-काट्याने, बशीत, लोण्यासोबत खाल्ला. १९५४ साली ते गेले आणि देशाची फाळणी झाली. उत्तरेकडून दक्षिणेत गेलेल्या लोकांनी सायगावात बशी आणि सुरी-काटा काढून टाकला. पाव उभा चिरला आणि त्यात मांस, काकडी, आंबवलेलं गाजर, कोथिंबीर, मिरची असा सगळा संसार भरला. हाच बान्ह मी. कॉफीही फ्रेंचांचीच. आज कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच नंबर लागतो. ताजं दूध मिळेना म्हणून डब्यातलं गोड आटवलेलं दूध घातलं. १९४६ च्या सुमारास तेही मिळेना, तेव्हा हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या ग्वेन वान जियांग यांनी अंड्याचा बलक फेसून कॉफीवर घातला. वाचताना तोंड वाकडं होतं याची कल्पना आहे. पिताना होत नाही. बिअरचा कारखाना एका फ्रेंच माणसाने १८९० साली काढला होता. फ्रेंच गेल्यावर तो बंद पडला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या तज्ज्ञांना बोलावून पुन्हा सुरू झाला. आज संध्याकाळी पदपथावर, लहान मुलांच्या बालवाडीतून पळवल्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक जी त्या दिवशीची ताजी, हलकी ‘बिआ होय’ पितात, तिच्यात अशा रीतीने भांडवलशाही आणि साम्यवाद दोन्ही विरघळलेले असतात. ग्लास हिरवट, बुडबुड्यांचा, भंगार काच वितळवून फुंकलेला. बिअर स्वस्त आहे. गुडघ्यांचा खर्च वेगळा.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हे सगळ्याच देशांनी केलं आहे, हनोईचं कौतुक कशाला? वडापावच घ्या. पाव पोर्तुगिजांचा; बटाटा आणि मिरची त्यांनीच समुद्रापलीकडून आणलेली; आणि या तीन परदेशी ऐवजांवर आपण मराठी बाण्याचं सारं राजकारण उभं केलं. मुद्दा बरोबर आहे, पण त्यातच फरकही आहे. वडापाव खाताना पोर्तुगीज कोणाला आठवत नाहीत. मधे चारशे वर्षं गेली, हिशोब बुडाला. हनोईत वही अजून उघडी आहे. १९४० साली तिथे जन्मलेल्या बाईने पाळण्यात असताना जपानी फौज पाहिली, पाचव्या वर्षी जपान्यांची शस्त्रं उतरवायला आलेली चिनी फौज पाहिली, मग परत आलेले फ्रेंच, मग अमेरिकेचे बॉम्ब, मग रशियन सल्लागार, आणि म्हातारपणी सेल्फी काढणारे आपण. एका आयुष्यात एवढे पाहुणे आले आणि त्यांतल्या बहुतेकांना घालवून द्यावं लागलं. ज्या हाताने दगड मारला त्याच हाताने त्याच पिढीने पाव उचलला. हे विसरल्यामुळे झालेलं नाही, आठवत असताना झालेलं आहे, आणि ते अवघड असतं.

शिवाय ही खोड फ्रेंचांपासून लागलेली नाही. गावाच्या मधोमध होआन कीएम तळं आहे. पंधराव्या शतकात ले लोय या राजाने चीनच्या मिंग सत्तेला हुसकावलं ते दैवी तलवारीच्या जोरावर, आणि काम झाल्यावर तळ्यातल्या कासवाने ती तलवार परत मागून घेतली, अशी कथा आहे. शस्त्र परत करणारा राजा म्हणून प्रवासी हळवे होतात. पण तळ्यापासून थोड्या अंतरावरच्या साहित्यमंदिरात गेलं, की परत न केलेला माल दिसतो. १०७० साली कन्फ्यूशियससाठी बांधलेल्या या आवारात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर राजदरबारची सर्वोच्च परीक्षा पास झालेल्यांची नावं आहेत. हे लेख उभारायला १४८४ साली सुरुवात झाली. केली कोणी, तर चीनला हाकलणाऱ्या त्याच ले घराण्याने. म्हणजे चिनी अधिकारी गेले. चिनी अभ्यासक्रम, चिनी लिपी आणि चिनी परीक्षा मात्र जास्तच जोमाने चालू झाल्या. परकीय सत्तेपेक्षा परकीय परीक्षा घालवणं कठीण, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. विद्यार्थी परीक्षेआधी या कासवांची डोकी चोळायचे. इतकी चोळली की अखेर कठडे घालावे लागले.

लिपीची कथा याहून मजेची आहे, आणि तिचा एक धागा गोव्याला शिवून जातो. आज व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर आणि पोटाखाली चिन्हांची दाटी करून लिहिली जाते. ही लिपी जेझुइट पाद्र्यांनी घडवली. पहिले कष्ट पोर्तुगिजांचे, नाव झालं अलेक्झांद्र द रोद या फ्रेंचभाषक पाद्र्याचं. त्याचा शब्दकोश रोममध्ये १६५१ साली छापला गेला. हा गृहस्थ पूर्वेकडे जाताना १६१९ साली गोव्यात उतरला आणि काही काळ तिथे राहिला. त्याआधी तीनच वर्षं, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं होतं, तेही रोमन लिपीतच. आपण ते पुराण ठेवलं आणि लिपी परत केली. व्हिएतनामी लोकांनी लिपी ठेवली. फ्रेंच सरकारने ती पुढे रेटली, कारण जनतेची चिनी पोथ्यांशी असलेली नाळ तुटेल असा त्याचा होरा होता. नाळ तुटली, पण ही लिपी शिकायला इतकी सोपी निघाली, की १९०७ साली हनोईतल्या देशभक्तांनी फुकट शाळा काढून तिच्यातूनच नव्या विचारांचा प्रसार सुरू केला. फ्रेंचांनी त्याच वर्षी शाळा बंद पाडली. उशीर झाला होता. साम्राज्याविरुद्धची पत्रकं पुढे साम्राज्याने पुरवलेल्या अक्षरांतच छापली गेली. आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी बा दिन्ह चौकात हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा भाषणाची सुरुवात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने केली आणि लगेच फ्रेंचांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा दाखला दिला. पुढच्या तीस वर्षांत ज्या दोघांशी लढायचं होतं, त्या दोघांचीच वाक्यं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. पाव आणि कॉफीचं असं गुणगान करत गेलं, की फ्रेंचांनी काय काय ‘दिलं’ याची यादी तयार होते, आणि साहेबाने रेल्वे दिली म्हणणारे आजोबा आपल्याकडेही कमी नाहीत. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं की यातलं काहीही दिलेलं नव्हतं. रेल्वे होती ती माल बाहेर न्यायला. पाव होता साहेबासाठी. मध्यवस्तीतला होआ लो तुरुंग फ्रेंचांनी १८९६ साली बांधला. तिथे त्यांचं शिरच्छेदाचं यंत्र अजून उभं आहे, आणि ते पाहिल्यावर कोणी फ्रेंच संस्कृतीच्या नजाकतीवर बोलत नाही. १९४५ साली, जपानी लष्कर आणि फ्रेंच कारभार दोघेही मानेवर बसलेले असताना, उत्तर व्हिएतनाममध्ये लाखो माणसं भुकेने मेली. भुकेची आठवण एवढी ताजी असलेल्या गावात अन्नाचा उगम विचारून ते नाकारायची चैन परवडत नाही. ठेवून घेणं म्हणजे आभार मानणं नव्हे. ती वसुली आहे, आणि वसुली म्हणून ती फारच कमी आहे.

आणि मिळेल ते निमूट घेतात असंही नाही. गव्हर्नर जनरल पॉल दुमेर यांच्या काळात फ्रेंच वस्तीसाठी अद्ययावत भुयारी गटारं बांधली गेली. ती उंदरांना फारच आवडली. प्लेगच्या भीतीने सरकारने १९०२ साली उंदीर मारणाऱ्याला बक्षीस लावलं, पुरावा म्हणून नुसती शेपटी आणायची. शेपट्यांचा पाऊस पडला. काही दिवसांनी साहेबांना गावात बिनशेपटीचे उंदीर मजेत हिंडताना दिसू लागले आणि गावाबाहेर उंदरांची पैदास चालल्याचं उघडकीला आलं. योजना गुंडाळली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ही गोष्ट चुकीच्या प्रोत्साहनाचं उदाहरण म्हणून सांगतात. हनोईच्या बाजूने पाहिलं तर प्रोत्साहन अगदी बरोबर होतं. याच दुमेरसाहेबांचं नाव लावलेला, १९०२ साली उद्घाटन झालेला लोखंडी पूल आज लाँग बिएन पूल म्हणून उभा आहे. वाटाडे तो आयफेलने बांधला म्हणून सांगतात. बांधला दुसऱ्याच कंपनीने. अमेरिकेने त्यावर अनेकदा बॉम्ब टाकले, यांनी तो अनेकदा जोडला. साऱ्या हनोईत वाहनं उजवीकडून धावतात, या पुलावर मात्र डावीकडून. आपल्या माणसाला त्या शहरात घरच्यासारखं वाटावं अशी ती एकच जागा असावी.

अमेरिकेकडून काय घेतलं, याचं उत्तर काचेत ठेवलेलं आहे. २०१६ साली बराक ओबामा हनोईला आले असता अँथनी बोर्डेन या खवय्या लेखकाबरोबर एका साध्या खानावळीत स्टुलावर बसून बुन चा जेवले. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, शेवया, हिरवा पाला, आंबटगोड पाणी, सोबत बिअर. बिल झालं दोघांचं मिळून सहा डॉलर. खानावळीने ते टेबल, ते स्टूल, त्या बश्या काचेच्या पेटीत बंद करून ठेवल्या आहेत आणि ‘ओबामा कॉम्बो’ विक्रीला आहे. हनोईत काचेआड राहण्याचा मान असा तिघांना मिळालेला आहे. एक समाधीतले हो चि मिन्ह, दुसरी होआन कीएमच्या देवळातली जुनी कासवं, तिसरं हे टेबल. न्गोक हा भागातल्या एका डबक्यात १९७२ च्या डिसेंबरात पाडलेल्या बी-५२ विमानाचा सांगाडा तसाच पडून आहे. त्याला काच नाही, तिकीटही नाही, कडेने लोकांची घरं आहेत आणि कपडे वाळत असतात. हांग मा नावाच्या रस्त्यावर पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात, आणि त्यांत कागदी डॉलरची पुडकी असतात. अमेरिकेशी लढून गेलेल्या आजोबांना परलोकात खर्चाला डॉलर पाठवणारा नातू त्यात काहीही विसंगत पाहत नाही. परलोकात डोंग चालतो की नाही याची त्याला खात्री नसावी. शंभर रुपयाला तीस हजारांच्या आसपास डोंग येतात हे पाहिलं, की त्याची शंका रास्त वाटते.

मग यांचं स्वतःचं काय, असा शेवटचा आक्षेप. पाण्यातल्या कठपुतळ्या घ्या. तांबड्या नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत जन्मलेला हा खेळ आहे. कलाकार पडद्यामागे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बांबूच्या टोकावरची लाकडी माणसं नाचवतात, आणि हे कुठल्याही साम्राज्याकडून आलेलं नाही. चा का घ्या. हळद लावलेला नदीचा मासा, टेबलावरच्या कढईत मूठ-मूठ शेपू टाकून परतायचा. मराठी घरात जेवायला बसलेली मुलं ज्या भाजीच्या वासाने शेजारी पळतात, त्या शेपूच्या जोरावर हनोईत एका रस्त्याचं जुनं नाव पुसून चा का रस्ता असं नवं नाव पडलं. मुख्य म्हणजे नुओक माम, मासे मिठात मुरवून काढलेलं ते तपकिरी पाणी. फ्रेंचांचा पाव असो, चिनी शेवया असोत की ओबामांची बशी, सगळ्यांवर शेवटी हे पाणी पडतं आणि वस्तू व्हिएतनामी होते. नागरिकत्व देण्याची याहून जलद पद्धत जगात नसेल. शाकाहाऱ्यांसाठी मात्र हीच अडचण आहे, कारण ‘नुसत्या पालेभाजीत’ही ते असू शकतं. त्यांनी बौद्ध शाकाहारी खानावळी शोधाव्यात. तिथली चांद्रमासाची पहिली आणि पंधरावी तिथी अनेकजण शाकाहाराने पाळतात, तेव्हा त्या गजबजलेल्या असतात आणि टोफूचं जे करतात ते बघून आपण पनीरवर किती अवलंबून आहोत हे कळतं. बॅगेतला चिवडा त्या दिवशी बॅगेतच राहू द्यावा.

राहता राहिली समाधी, कारण ती चुकवली तर घरी येऊन सांगणार काय. कल्पना मॉस्कोतल्या लेनिनच्या समाधीवरून घेतलेली, उघडली १९७५ साली. रांग लांब; आत बोलायचं नाही, खिशात हात घालायचे नाहीत, फोटो नाही, अर्ध्या चड्डीत प्रवेश नाही. दर्शन सकाळीच, सोमवारी आणि शुक्रवारी नाही, आणि दरवर्षी देखभालीसाठी काही आठवडे मुळीच नाही. आत झोपलेल्या माणसाने १९११ साली देश सोडला तो एका फ्रेंच जहाजाच्या मुदपाकखान्यातला नोकर म्हणून. त्याने मृत्युपत्रात आपलं दहन करावं असं लिहून ठेवलं होतं. पक्षाने तो भाग वीस वर्षं छापला नाही आणि बांधायची ती समाधी बांधली. तेव्हा अडचण अशी की समाधीही सकाळीच उघडते आणि चांगल्या दुकानातला फोही सकाळीच संपतो. दोन्हीला एकच सकाळ हाताशी असेल, तर फोच्या रांगेत उभं राहावं. दर्शन चुकल्याचं हो चि मिन्ह यांना वाईट वाटणार नाही. त्यांनी तसं लेखी कळवलं होतं.